गोठा, गोष्ट आणि गाय

आमच्या स्टेशनाबाहेर मारुतीचं देऊळ आहे. तिथे सकाळी सहापासून एक गाय बांधलेली असते. शेजारी पोतं अंथरून एक मावशी बसतात. पुढ्यात हिरव्या चाऱ्याच्या पेंड्या आणि डब्यात कोंड्या-गुळाचे लाडू. पेंडी दहा रुपये. लोकल गाठायला निघालेला माणूस दहाची नोट ठेवतो, पेंडी उचलून गाईपुढे धरतो, तिच्या पाठीवरून हात फिरवून तोच हात कपाळाला लावतो आणि जिना चढतो. सगळं मिळून वीस सेकंद. गाय मात्र नऊ वाजेपर्यंत तुडुंब झालेली असते. मग ती तोंड फिरवते, गिऱ्हाईक तरीही नमस्कार करून निघून जातं आणि मावशी ती पेंडी हळूच परत ढिगावर ठेवतात. एकदा माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाल्या, "पुण्य त्याचं त्याला पोचलं की हो. चारा राहिला तर राहिला." गाय त्यांची नाही, गवळ्याची आहे. तो पहाटे धार काढून तिला इथे आणून बांधतो आणि संध्याकाळी घेऊन जातो.

त्या घाईतल्या माणसाला जिन्यात थांबवून विचारलं, की बाबा रे, गाय पवित्र का, तर तो ठरलेल्या चार-पाच उत्तरांपैकी एक देईल. दूध देते म्हणून ती आई. तिच्या पोटात तेहतीस कोटी देव. कृष्णाला प्रिय. वेदांत सांगितलंय. यातलं कुठलंही उत्तर खोटं नाही, पण एकट्याने पुरं पडणारंही नाही. दुधाचंच घ्या. म्हैस गाईपेक्षा घट्ट दूध देते आणि देशातल्या एकूण दुधात निम्म्याच्या आसपास वाटा तिचा आहे. तरी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून कोणी तो कपाळाला लावत नाही. तिच्या कुळाच्या वाट्याला यमाचं वाहन, महिषासुर आणि बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा एवढंच आलं. तेहतीस कोटींचं म्हणाल, तर वेदांत देव तेहतीसच आहेत: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य आणि आणखी दोन. 'कोटी' म्हणजे प्रकार की करोड, यावर घराघरांत वाद होतात, ते होऊ देत.

मला स्वतःला हे प्रकरण शेणाने सारवलेल्या जमिनीसारखं वाटतं. आजी दर आठवड्याला सारवायची. वरचा थर ताजा, ओला, हिरवट. खालचे थर दिसायचे नाहीत, पण जमीन टणक झालेली असायची ती त्यांच्यामुळेच. गाईचं पावित्र्यही असंच थरावर थर चढून झालेलं आहे, आणि प्रत्येक काळाने आपल्याला हवा तो हात फिरवलेला आहे. एकच मूळ कारण शोधत बसलं की फसगत होते.

शब्दांत अडकलेली गाय

सगळ्यात खालचा थर भाषेतच सापडतो. 'गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ'वरून आला, म्हणजे गाई थांबतात ती जागा. गाई जिथे थांबायच्या तिथे माणसंही जमायची, बोलत बसायची, म्हणून अशा बैठकीला नाव पडलं 'गोष्ठी'. आणि गोष्ठीवरून आपली 'गोष्ट'. मराठीत गोठा आणि गोष्ट ही सख्खी भावंडं आहेत. आपण ज्याला गोत्र म्हणतो त्याचा जुना अर्थही गाईंचा कोंडवाडा किंवा कळप असाच. संशोधनाला भारदस्त शब्द 'गवेषणा', म्हणजे मुळात हरवलेल्या गाईचा शोध. गाई चरून परत येताना धूळ उडते ती वेळ गोरज, आणि त्या मुहूर्तावर आजही लग्नं लागतात, मग कार्यालय हायवेवर का असेना. उलट बाजूचा शब्दही गोठ्यातलाच आहे. दूध आटलेली गाय ती भाकड, आणि जिच्यातून काही निघत नाही ती भाकडकथा.

हे शब्द ज्यांनी घडवले ते गुरं राखणारे लोक होते. ऋग्वेदात लढाईला एक शब्द आहे 'गविष्टि', आणि त्याचा सरळ अर्थ गाईंची इच्छा. संपत्ती मोजायची गाईंत, लढायचं गाईंसाठी, दक्षिणा द्यायची गाईंची. महाभारतात अज्ञातवास संपत आला तेव्हा कौरव विराटाच्या गाई पळवायला येतात आणि बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन त्या सोडवून आणतो, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण ती केवळ पुराणातली गोष्ट नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्राच्या गावोगावी उन्हात उभा आहे. देवळामागे, पाराशेजारी, कधी शेताच्या बांधाला टेकून ठेवलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, बघा. दगडावर खालून वर वाचत जायच्या चौकटी असतात. खाली वीर आडवा पडलेला, त्याच्या वरच्या चौकटीत लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत त्याच्या मागे गाईंची रांग कोरलेली असली, की समजायचं, हा गावाची गुरं सोडवताना पडला. त्याचं नाव बहुतेक वेळा कोणालाच माहीत नसतं. गाव मात्र त्याला शेंदूर लावतं.

म्हणजे गाय आधी धन होती. देवत्व नंतर आलं. ज्यासाठी माणसं जीव देतात त्याला पुढे हात जोडले जातात, हा क्रम मला जास्त पटतो.

मग खात होते की नव्हते?

हा प्रश्न टाळून गाईवर लिहिता येत नाही, आणि त्याचं उत्तर दोन्ही पक्षांना थोडं थोडं टोचतं.

ऋग्वेदातच गाईला 'अघ्न्या' म्हटलंय, म्हणजे जिला मारू नये ती. आठव्या मंडलात तिला रुद्रांची माता, वसूंची कन्या, आदित्यांची बहीण म्हणून 'या निरपराध गाईला मारू नका' असं स्पष्ट बजावलंय. आणि त्याच ऋग्वेदात इंद्र म्हणतो, माझ्यासाठी पंधरा-वीस बैल शिजवतात. पाणिनीच्या व्याकरणात पाहुण्याला 'गोघ्न' हा शब्द सिद्ध करणारं सूत्र आहे, म्हणजे ज्याच्यासाठी गाय मारली जाते तो. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात गाय-बैल खाऊ नये असा विचार मांडला जातो आणि लगेच याज्ञवल्क्य म्हणतो, मी तर खातो, मांस कोवळं असेल तर. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला जो ताम्रपाषाणयुगीन गाव खणून निघाला, तिथल्या गुरांच्या हाडांवरही कापल्याच्या खुणा आहेत. ग्रंथांतल्या या वाक्यांचे वेगळे अर्थ लावणारी परंपरागत मंडळी आहेत. 'गो' म्हणजे दूध, इंद्रियं, किरण असेही अर्थ होतात, आणि ते होतात हे खरंच आहे. पण प्रत्येक ठिकाणी तसा अर्थ लावायचा म्हटलं तर फार ओढाताण होते.

भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा धांडोळा घेताना यातलं काहीही लपवलं नाही. त्यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. वैदिक काळी गाय पवित्र नव्हती म्हणून खात होते असं नव्हे, तर ती पवित्र होती म्हणूनच यज्ञात तिची आहुती आणि तिचं मांस यांना स्थान होतं. देवाला द्यायचं ते आपल्याकडचं सगळ्यात मोलाचं. पावित्र्य आणि न मारणं या दोन गोष्टी आपण आज एकच समजतो. त्या एक झाल्या त्या नंतर.

कशा एक झाल्या? एका रात्रीत नाही. बुद्धाने यज्ञातल्या हत्येवर टीका केली, आणि सुत्तनिपात या बौद्ध ग्रंथात गाई आईबापांसारख्या, अन्न, बळ, कांती आणि सुख देणाऱ्या आहेत असे शब्द येतात. जैन तर अहिंसेत सगळ्यांच्या पुढे. अर्थशास्त्र लिहिणारा कौटिल्य धर्माची भाषा बोलतच नाही. तो हिशेब मांडतो: वासरू, वळू आणि दुभती गाय यांना मारू नये, मारलं तर पन्नास 'पण' (तेव्हाची नाणी) दंड. यात भाकड गाईचं नाव नाही, हे लक्षात घ्या. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे. पोपट, हंस, वटवाघूळ, कासव, मोकळा सोडलेला वळू हे सगळे आहेत, गाय मात्र नाही. पण पुढे काही शतकांत हवा बदललेली दिसते. सांचीला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला इसवी सन ४१२च्या सुमाराचा दानलेख आहे. त्यात, हे दान जो मोडेल त्याला गोहत्येचं आणि ब्रह्महत्येचं पाप लागेल असा शाप दिलाय. शाप द्यायचा तर लोकांना ज्याची भीती वाटते त्याचाच देतात. तोवर गोहत्या हे समाजाच्या मनात महापाप होऊन बसलं होतं.

राहिला प्रश्न जुन्या ग्रंथांतल्या परवानग्यांचा. त्या खोडायच्या कशा? आपल्या शास्त्रकारांनी फार हुशार तोड काढली: कलिवर्ज्य. पूर्वीच्या युगात चालत होतं, कलियुगात चालणार नाही. 'अश्वालम्भं गवालम्भं संन्यासं पलपैतृकम्' या प्रसिद्ध श्लोकात पाच गोष्टी कलियुगापुरत्या बंद केल्या आहेत, आणि त्यांत यज्ञात गाय मारणं आहे. जुन्याला चूक न म्हणता नवं लागू करायचं. सरकारी परिपत्रकात 'यापूर्वीचे आदेश अधिक्रमित करून' असं लिहितात ना, तसं.

बैलाची आई

आता म्हशीच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या मते तिथेच या विषयाची खरी किल्ली आहे.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. आजोबांकडे खिल्लार गाय होती. पांढरीशुभ्र, लांब शिंगं, चिडखोर. वासरू पिऊन झाल्यावर तिचं दूध जेमतेम चहापुरतं निघायचं, आणि काढू द्यायची ते तिच्या मर्जीने. दुधासाठी शेजारी म्हैस बांधलेली असायची. तरी दावणीची मानाची जागा गाईची, चुलीवरची पहिली भाकरी गाईची, पोळ्याला बैलांबरोबर ओवाळणी तिला. लहानपणी मला हा सरळ अन्याय वाटायचा. दूध म्हशीचं आणि कौतुक गाईचं! आजोबांना विचारलं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "म्हशीच्या पोटी बैल येतो व्हय?"

हे वाक्य कुठल्याही ग्रंथात नाही, पण मला गाईबद्दलचं याहून नेमकं वाक्य सापडलेलं नाही. आपल्या कोरडवाहू मुलखात शेती म्हणजे बैल. नांगर, कुळव, पाभर, मोट, गाडी, मळणी, सगळं त्याच्या खांद्यावर. रेडा ताकदवान असतो, चिखलात भातशेतीला चालतो, पण वैशाखाच्या उन्हात त्याचा टिकाव लागत नाही. त्याला डुंबायला पाणी हवं. वशिंडाचा देशी बैल उन्हात दिवसभर चालतो आणि कडब्यावर जगतो. महाराष्ट्रातल्या जातिवंत गुरांची नावं घ्या: खिल्लार, डोंगराळ पावसाळी भागातली डांगी, मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी, वर्ध्याकडची गवळाऊ. देवणीसारखी एखादी दुधालाही बरी, पण बहुतेकींचं नाव झालं ते बैलांमुळे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वशिंडाचा बैल दिमाखात उभा दिसतो, गाय मात्र शोधावी लागते. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या कांस्यमूर्तींत रथाला जुंपलेत तेही बैलच.

१९६६ साली मार्विन हॅरिस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने हाच मुद्दा जगापुढे ठेवला. तोवर परदेशी अभ्यासकांचा सूर असा असायचा, की भारतीय लोक उपाशी राहतात पण अंधश्रद्धेपायी गाय खात नाहीत. हॅरिस म्हणाला, उलट आहे. दुष्काळात शेतकऱ्याने गाय-बैल खाल्ले, तर पुढच्या पावसाळ्यात तो पेरणार कशाने? भूक समोर उभी असताना असा लांबचा विचार करणं कोणालाही अवघड, म्हणून समाजाने तिथे धर्माचं कुंपण घातलं. शिवाय शेण आहे: जळणाला गोवऱ्या, शेताला खत, भुईला सारवण. आपल्याकडे १९७२चा दुष्काळ ज्यांनी बघितलाय त्यांना हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, माणसं खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर गेली, आणि बैलजोडी जगवायला चाऱ्यासाठी दारोदार फिरली. बैल गेला की शेतकऱ्याचा शेतमजूर व्हायला वेळ लागत नाही.

पण हॅरिसचं सगळं निमूटपणे गिळावं असंही नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९६९ साली त्याच्या मांडणीवर खरमरीत टीका केली. त्यांचा रोख असा: चारा मोजका आणि जनावरं जास्त, अशा ठिकाणी मारायचं नाही म्हटल्याने जनावर वाचत नाही, ते खंगून मरतं. उपाशी ठेवणं पाप धरलं जात नाही, सुरी चालवणं धरलं जातं. श्रद्धेमागे अक्कल आहे असं सिद्ध करण्याच्या नादात आपण त्या खंगणाऱ्या जनावराकडे डोळेझाक करतो. आकडेही मजेशीर गोष्ट सांगत होते. उत्तरेत, जिथे नांगराला बैल लागत, तिथे बैलांची संख्या गाईंपेक्षा जास्त. केरळात, जिथे बैलाचं काम कमी, तिथे नेमकं उलट. निसर्ग तर नर-मादी सारखेच जन्माला घालतो. म्हणजे कोणीही कोणाला मारत नव्हतं, तरी नको असलेलं वासरू मोठं होत नव्हतं. कुठल्या वासराला आईच्या कासेला किती वेळ लावायचं, हे शेतकऱ्याच्या हातात असतं.

भाकड गाईचं काय करायचं, हा प्रश्न तर उपनिषदाइतका जुना आहे. कठोपनिषदात नचिकेताचा बाप सर्वस्व दान करायला बसलाय, आणि पोरगं बघतं तर दानात चालल्यात त्या गाई शेवटचं पाणी प्यालेल्या, शेवटचं गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. असलं दान देऊन बाप कुठल्या लोकात जाणार, या काळजीने तो विचारतो, मग मला कोणाला देणार? तिथून पुढे मृत्यूचं सगळं तत्त्वज्ञान सुरू होतं. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही आपली म्हण त्याच गोठ्यातून आलेली.

वासराच्या नावावर पडलेलं प्रेम

इथवर सगळा हिशेब झाला. पण हिशेबाने कोणी हात कपाळाला लावत नाही. त्यासाठी आई लागते.

'वात्सल्य' हा शब्द 'वत्स'वरून आला, आणि वत्स म्हणजे वासरू. आईच्या मायेला नाव द्यायची वेळ आली तेव्हा भाषेने माणसाची आई नाही बघितली, गाय बघितली. हंबरत गोठ्याकडे धावणारी, वासराला चाटून चाटून कोरडं करणारी, ते ढुशी मारत असतानाही पान्हा सोडणारी. आपल्या संतांना देवाची माया सांगायची असते तेव्हा पहिला दाखला हाच येतो. वसुबारसेला दिवाळी सुरू होते ती एकट्या गाईच्या पूजेने नाही, सवत्स धेनूच्या. त्या दिवशी अनेक घरांत बायका गहू-मूग वर्ज्य करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात, आणि दूध-तुपाला हात लावत नाहीत. रीत म्हणून पाळतात, पण त्यामागचा भाव मला असा दिसतो, की निदान एक दिवस तरी दूध ज्याचं त्याला.

पुराणांनी या मायेवर कथांची रास घातली. कामधेनू, वसिष्ठांची नंदिनी, गाईचं रूप घेऊन गाऱ्हाणं सांगायला जाणारी पृथ्वी. कृष्ण तर गुराखीच. विष्णुपुराणात तो नंदाला इंद्रपूजेपासून परावृत्त करताना म्हणतो, आपण शेतकरी नाही, व्यापारी नाही, आपण रानात राहणारे, आपलं दैवत गाई. यात केवढा रोखठोकपणा आहे बघा: ज्यावर आपलं पोट, तोच आपला देव.

महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दोन गोष्टी मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. एकीत च्यवन ऋषी पाण्यात तप करत असताना कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात. नहुष राजा धावत येतो. ऋषी म्हणतात, या कोळ्यांनी कष्ट केलेत, त्यांना माझी किंमत दे. राजा हजार नाणी देतो, लाख देतो, कोटी देतो, अर्धं राज्य देतो, पूर्ण राज्य देतो. ऋषी मान हलवतात. शेवटी कोणीतरी सुचवतं, एक गाय दे. च्यवन म्हणतात, आता बरोबर झाली किंमत. दुसरी गोष्ट लक्ष्मीची. ती गाईंकडे जाऊन म्हणते, मला तुमच्यात राहायला जागा द्या. गाई म्हणतात, नको बाई, तू चंचल. फारच विनवण्या केल्यावर त्या म्हणतात, बरं, शेणात आणि मुतात रहा. लक्ष्मी आनंदाने राहते. खताच्या ढिगात लक्ष्मी आहे हे शेतकऱ्याला सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती? पंचगव्याच्या पावित्र्याचं मूळही याच भावनेत आहे. त्याने अमुक रोग हमखास बरा होतो म्हणणाऱ्यांच्या मात्र मी वाऱ्याला उभा राहत नाही.

या मायेला एक काळी किनार आहे, आणि ती आपल्याच गावांतली आहे. गाय जिवंत असेपर्यंत माता. मेली की तिला ओढून कोण नेणार? ते काम गावाने महारांवर टाकलं, कातडं कमावणं चांभार-ढोरांवर. आणि ज्यांनी माता उचलली त्यांनाच बाटलेलं ठरवलं. दुष्काळात ज्यांच्या ताटात दुसरं काही येत नव्हतं त्यांनी त्या मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं, तर तोच त्यांच्यावरचा आरोप झाला. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस सोडण्याचं आवाहन केलं ते गाईच्या पूजेसाठी नव्हतं, माणसाच्या मानासाठी होतं. पुढे १९४८ साली त्यांनी अस्पृश्यतेचं मूळच गोमांसाच्या प्रश्नाशी जोडून दाखवण्याचा प्रयत्न केला. त्यांची मांडणी सगळ्याच अभ्यासकांनी मान्य केली असं नाही, पण प्रश्न जिथल्या तिथे आहे.

गाय झेंड्यावर येते

एकोणिसाव्या शतकात आणखी एक थर चढला, राजकारणाचा. १८५७ला गाईच्या आणि डुकराच्या चरबीच्या काडतुसांनी ठिणगी पडली, आणि त्याच उन्हाळ्यात वेढ्यातल्या दिल्लीत बहादूरशाह जफरने बकरी ईदला गाय कापायला बंदी केली, हे विसरलं जातं. १८८०च्या दशकात दयानंद सरस्वतींनी गोरक्षणासाठी पुस्तिका लिहिली. तिच्यात मंत्र कमी आणि गणित जास्त: एक गाय आयुष्यभरात दूध आणि बैलांच्या कष्टातून किती माणसांना जेवू घालते. गावोगावी गोरक्षिणी सभा निघाल्या आणि त्यांच्यापाठोपाठ दंगेही झाले. तेव्हाच छापखान्यांमधून अंगावर देवांची चित्रं असलेल्या गाईच्या तसबिरी बाहेर पडल्या. लोणावळ्याजवळ मळवलीला असलेल्या रविवर्मा छापखान्यानेही अशी चौऱ्याऐंशी देवांची गाय छापली. आज आपण 'गाईच्या पोटात देव' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतं ते चित्र वेदातलं नाही, शिळाछापाचं आहे.

गांधींना गाय म्हणजे करुणेचं काव्य वाटायची. मुक्या सृष्टीचं रक्षण करायची सुरुवात तिच्यापासून, असा त्यांचा भाव होता. जबरदस्तीने गोरक्षण होत नाही, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत. आणि सावरकरांनी १९३०च्या दशकात मराठीत लिहिलं, गाय हा अत्यंत उपयुक्त पशू आहे, तिचं पालन करा, पूजन करू नका. माणसाहून हीन असलेल्या पशूला देव मानणं माणसाला शोभत नाही. आज दोघांचीही नावं घेणाऱ्यांना ही मतं आठवून दिली की थोडी चुळबूळ होते.

घटना समितीत २४ नोव्हेंबर १९४८ला हा विषय आला तेव्हाही तीच चुळबूळ होती. राज्यघटनेचा अनुच्छेद ४८ वाचून बघा. त्यात धर्म हा शब्द नाही. शेती आणि पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने करावं, आणि गाई, वासरं, दुभती व जुंपणीची जनावरं यांच्या कत्तलीला मनाई करावी, असं आहे. समितीचे एक सदस्य सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी सभागृहातच सांगितलं, की कारण धार्मिक असेल तर तसं स्पष्ट म्हणा, अर्थकारणाची ढाल कशाला? श्रद्धा आणि हिशेब यांची ती जुनी सरमिसळ तशीच कायद्यात उतरली. महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईला संरक्षण दिलं, २०१५ला ते बैल आणि वळूपर्यंत वाढलं, आणि ३० सप्टेंबर २०२४ला राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं.

दावण रिकामी होताना

मधल्या काळात खालचा थर मात्र निसटला. ट्रॅक्टर आला. भाड्याने नांगरट तासावर मिळू लागली. बैलजोडीला वर्षभर वैरण घालणं परवडेना. दुधाच्या धंद्याला जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) या परदेशी गाई आल्या. त्यांना वशिंड नाही, त्यांचा गोऱ्हा उन्हात औताला चालत नाही, आणि दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्या गोऱ्ह्याचं काय होतं, हे दूध उत्पादकाला विचारलं की तो विषय बदलतो. पूर्वी म्हातारा बैल विकून नव्याला पैसे उभे करता येत, ती वाट बंद झाली. २०१९च्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटींच्या वर भरला, आणि मोकाट गुरं ५० लाखांच्या आसपास. उत्तरेत रात्री शेतांना राखण बसते ती गाईंपासून पीक वाचवायला. आजोबांच्या वाक्याचा पायाच गेला. गाय अजून आई आहे, पण बैलाची आई राहिलेली नाही.

आमच्या गावातही खिल्लार दिसेनाशी झाली होती. मागच्या दोन-तीन वर्षांत ती परत आलीये. कारण वेद नाही, कायदा नाही आणि दूधही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ला बंद केलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा सुरू झाल्या, २०२३ला घटनापीठानेही त्यांना मान्यता दिली, आणि पळणाऱ्या खोंडाला अचानक मोल आलं. शेजारच्या तात्यांच्या पोराने नोकरीचे पैसे घालून एक खिल्लार गाय घेतलीये. तिचा बाप कोण, आजा कोण, शर्यतीच्या कुठल्या घाटात कितव्या नंबरात पळाला, हे त्याला तोंडपाठ. दूध विचारलं तर म्हणतो, "काढतंय कोण? सगळं वासराला." घरात दूध पिशवीचं येतं. सकाळी त्याची आई गॅसवर भाकऱ्या करते, आणि तव्यावरची पहिली घेऊन अजूनही गोठ्याकडे जाते.